एकही घर बंद नव्हतं

मी सुनंदावर जळत होते. हे आधीच सांगून टाकते. पुढं मी जे केलं ते बरोबरच होतं असं बरेच जण म्हणतात. मलाही तसंच वाटतं. पण ज्या मनानं ते केलं, ते मन काही चांगलं नव्हतं. दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहिणारी माणसं बहुतेक वेळा शहाणी निघतात. माझ्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका.

माझी नोकरी लोकांचं बीपी मोजायची होती. भूमला एसटी स्टँडच्या मागं दोन भाड्याच्या खोल्यांत एका संशोधन संस्थेचं केंद्र होतं. बाहेर पाटी होती, आत चार टेबलं, एक कपाट आणि कागद. माझ्या सासूबाईंना ही नोकरी शेवटपर्यंत कळली नाही. त्या विचारायच्या, "तू नर्स हायस का?" मी म्हणायचे, नाही. "मग डॉक्टरीण?" तेही नाही. "मग लोकांच्या दंडाला काय बांधत फिरतीस?" मी सांगायचे, आई, मी मोजते आणि लिहिते. तरी शेजारणीला सांगताना "आमची सून दवाखान्यात हाय" असंच सांगायच्या.

बाहेरच्या माणसाला हे काम थोडं उलगडून सांगायला हवं. आमचा प्रश्न साधा होता. गावोगावी एखाद्या बाईनं दर महिन्याला घरी जाऊन बीपी मोजलं, मीठ कमी करा म्हणून सांगितलं, गोळी चुकली का विचारलं, तर लोकांचं बीपी आटोक्यात राहतं का? हे खरंखुरं कळायचं असेल तर काही गावांत असं करायचं, आणि तशाच दुसऱ्या काही गावांत करायचं नाही. तिथं फक्त सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मोजायचं. कुणाचं फारच जास्त निघालं तर सरकारी दवाखान्याची चिठ्ठी द्यायची आणि यायचं. मग दोन्ही गावांचे आकडे शेजारी ठेवून बघायचं. दुसऱ्या प्रकारच्या गावांना आम्ही तुलनेची गावं म्हणायचो.

कुठली गावं कशात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं असतं, म्हणजे कुणाच्या आवडीनिवडीचा प्रश्न येत नाही. आमचे प्रमुख इंगळे सर यांनी स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि मला म्हणाले, "शकुंतलाताई, काढा." मी माझ्याच हातानं काढली. माझी गावं तुलनेत गेली आणि सुनंदाची भेटीच्या गावांत.

सुनंदा मुरुमकडची. माहेर लिंगायत, घरात मराठीइतकीच कानडी. लग्न होऊन भूमला आलेली. आम्ही दोघी एकाच आठवड्यात कामाला लागलो होतो, एकाच ताटलीत डबा खात होतो. ती समोरच्या प्रत्येक बाईला "अक्का" म्हणायची. वर्षभरात तिच्या गावांनी तो शब्द उचलला आणि उलटा तिलाच लावला. नंदाक्का आली, नंदाक्का आली. तिच्या पिशवीत कधी हुरडा असायचा, कधी भुईमुगाच्या शेंगा, एकदा तर चक्क तांब्याभर चीक. कुणाची म्हैस व्याली तर चीक नंदाक्काला पोचवायचा, हे त्या लोकांनी ठरवूनच टाकलं होतं.

आणि मी? मी गावात शिरले की पारावरचे लोक म्हणायचे, "आली बघा, नुसती मोजणारी." तात्याबा नावाचे एक म्हातारे होते. दंडाला पट्टा बांधून घ्यायचे, यंत्राची घरघर संपेपर्यंत डोळे मिटून बसायचे आणि मग विचारायचे, "बाई, मोजून मोजून कमी होतं का गं हे?"

"न्हाय, बाबा."

"मग कशापायी मोजतीस?"

याचं उत्तर मला येत होतं, पण समजावून सांगायची परवानगी नव्हती. सांगितलं की ते मीठ कमी करणार, गोळी घेणार, आणि तुलनेचं गाव तुलनेचं राहणार नाही. माझ्या गावांत काही सुधारलं नाही तरच अभ्यास यशस्वी, अशी माझी नोकरी. तिकडं सुनंदाच्या गावांत जेवढं सुधारेल तेवढं चांगलं. एका चिठ्ठीनं एवढा फरक केला होता.

मधली फेरी थंडीत आली. त्या दिवसांत आमच्या भागातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी कोयता घेऊन दिवाळीनंतर कारखान्याकडं जाते, ती गुढीपाडव्याच्या आसपास परत. कडीला कुलूप असलं की आम्ही फॉर्मवर "घ. बं." लिहायचो, म्हणजे घर बंद. तीनदा जायचं, तीनदा लिहायचं. माझे फॉर्म घ. बं.नं भरून गेले. बैठकीत इंगळे सरांनी ते सगळ्यांसमोर धरले.

"ताई, तुमच्याकडंच एवढी घरं बंद कशी? सुनंदाकडं बघा. एकही घर बंद नाही."

सुनंदा खाली बघत होती. मला वाटलं, नम्रपणा करतेय. मला तिचा नम्रपणाही सहन होत नव्हता.

अभ्यास संपला. तिच्या गावांतलं बीपी चांगलंच खाली आलं होतं, माझ्या गावांतलं थोडंसं. त्यावर सरांनी लिहिलेला पेपर परदेशातल्या मोठ्या वैद्यकीय मासिकात छापून आला. सासूबाईंना वाटलं वर्तमानपत्रात आलाय. त्या माझा फोटो शोधत बसल्या. फोटो नव्हताच. पेपराच्या शेवटी "क्षेत्रीय कर्मचाऱ्यांचे आभार" असं एक वाक्य होतं, त्यात मी असणार. सुनंदाचा फोटो मात्र केंद्राच्या भिंतीवर लागला, म्हातारीच्या दंडाला पट्टा बांधताना. दिल्लीला परिषदेत ती बोलली, नंतर परदेशातही जाऊन आली. तिथं तिनं मराठीत भाषण केलं आणि सरांनी इंग्रजीत सांगितलं. येताना तिनं माझ्यासाठी एक निळा स्कार्फ आणला. मी तो कधी गळ्यात घातला नाही.

पेपर छापला म्हणजे काम संपलं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. तो वाचून दुसरे डॉक्टर ठरवतात, सरकारी लोक योजना आखतात. आमचंही तेच झालं. हीच पद्धत आणखी जिल्ह्यांत न्यायची असं ठरलं, आणि त्यासाठी जुने सगळे कागदी फॉर्म तपासून संगणकावर घ्यायचे होते. अक्षर चांगलं आणि स्वभाव किरकिरा म्हणून ते काम माझ्याकडं आलं. सुनंदा नव्या मुलींना शिकवायला जीपनं जिल्हाभर फिरायची. मी कपाटासमोर बसायचे.

मी तिचेच फॉर्म आधी काढले. क्रमानं नव्हे, मुद्दाम. मला चूक सापडायला हवी होती. एखादी तारीख, एखादी सही, काहीही.

खऱ्या माणसाचं बीपी वेडंवाकडं असतं. आम्ही पाच मिनिटं बसवून तीनदा मोजायचो. पहिला आकडा जास्त, दुसरा कमी, तिसरा अचानक पुन्हा वर, कारण तेवढ्यात शेळी दावं तोडून पळाली. माझ्या फॉर्ममध्ये अशा शेळ्या, भांडणं, पाहुणे सगळे दिसतात. सुनंदाच्या सुरुवातीच्या महिन्यांतही दिसत होते. पण दिवाळीनंतरचे फॉर्म बघितले तर पायऱ्या उतराव्यात तसे आकडे. पहिला मोठा, दुसरा त्याहून थोडा कमी, तिसरा आणखी थोडा कमी. घरोघरी तेच. पाडव्यानंतर पुन्हा शेळ्या सुरू.

मी कागद खाली ठेवला.  

दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून मी एसटीनं तिच्या गावांपैकी एका गावी गेले. गावाचं नाव लिहीत नाही. फॉर्मवर कौसल्याबाई म्हणून एक नाव होतं, वय चाळीसच्या आत, त्यांचं घर विचारत गेले. घरापुढं बाजेवर एक बाई आडवी होती. डावा हात पोटावर ठेवलेला, जणू दुसऱ्या कुणाचा तिथं ठेवून दिलाय. त्यांचे यजमान हरिबा दावणीपाशी कडबा तोडत होते. मी केंद्रातून आलेय म्हटल्यावर त्यांनी घोंगडी अंथरली.

"कधी झालं हे?" मी विचारलं.

"तीन वर्सं झाली. पौषात. उसाच्या फडातच. मोळी उचलताना हात सुटला अन् खालीच बसली. ट्रॅक्टरवर घालून दवाखान्यात न्हेली. तितला डाक्टर माझ्यावरच खेकसला, गोळी का बंद केली म्हणून."

"का बंद केली होती?"

"बंद कुटं केली? सपली की. नंदाक्कानं महिन्याची आणून दिली व्हती. फडात कोण देतंय गोळी?"

"तुम्ही जाणार हे नंदाक्काला माहीत होतं?"

"सगळ्या गावाला म्हाईत असतंय. जाताना तिनंच हिची ओटी भरली."

बाजेवरून कौसल्याबाई म्हणाल्या, "लई गुणाची हाय ती. तिला बोल लावू नका."

हरिबांनी आतून प्लॅस्टिकच्या पिशवीतला दवाखान्याचा कागद आणला. कारखाना कर्नाटकात, दवाखानाही तिकडचाच. दाखल केल्याची तारीख मी माझ्या वहीत उतरवून घेतली. त्यानंतरच्या चौथ्या दिवसाचा फॉर्म माझ्या पिशवीत होता. त्यावर सुनंदाच्या अक्षरात लिहिलं होतं: घरी भेट दिली, तब्येत बरी, गोळी नियमित.

नियम असा होता की भेटीच्या गावातलं कुणी बाहेरगावी जाणार असेल तर स्थलांतराचा एक वेगळा कागद भरायचा. तो सरकारी दवाखान्यात गेला की तिथले डॉक्टर चार महिन्यांच्या गोळ्या आगाऊ द्यायचे. कौसल्याबाईंचा तो कागद भरलेलाच नव्हता. भरला असता तर घर बंद लिहावं लागलं असतं.

आता जे लिहिते ते लिहायला मला बरीच वर्षं लागली. त्या घोंगडीवर बसून, समोर ती बाई पडलेली असताना, मला आधी आनंद झाला. सापडलीस, असं मनात आलं. दया नंतर आली. किती नंतर, ते सांगत नाही.

मी इंगळे सरांकडं गेले. फॉर्म, तारखा, सगळं टेबलावर मांडलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पण कागदांकडं बघितलं नाही.

"शकुंतलाताई, एक विचारू? तुमचं आणि सुनंदाचं पटत नाही, हे केंद्रात सगळ्यांना माहीत आहे."

"पटत नाही, सर."

"मग हे मी काय समजायचं?"

"मी जळते तिच्यावर. पण कौसल्याबाई त्या दिवशी दवाखान्यात होत्या."

"एखाद्या फॉर्मवर तारीख चुकते."

"सर, थंडीतलं एकही घर बंद नाही. तुम्हीच दाखवलं होतं."

त्यांनी कागद न बघताच एकावर एक रचले. मग म्हणाले, "बघतो." दोन महिने त्यांनी बघितलं नाही. सर वाईट माणूस नव्हते. पण त्या पेपरावर पहिलं नाव त्यांचं होतं, नव्या जिल्ह्यांतली माणसं नेमून झाली होती, आणि तक्रार करणारी बाई जळकी म्हणून प्रसिद्ध होती. मी जळत नसते तर मला ती चूक सापडली नसती, आणि जळत होते म्हणून कुणी खरं मानत नव्हतं.

प्रत्येक संमतीपत्राच्या खाली एक पत्ता छापलेला असायचा. "या अभ्यासाबद्दल काही तक्रार असल्यास नैतिकता समितीला कळवावे." ही समिती संस्थेबाहेरच्या माणसांची असते, अभ्यासात लोकांवर अन्याय होत नाही ना, हे तिनं बघायचं. मी तो पत्ता शेकडो लोकांना मोठ्यानं वाचून दाखवला होता. तात्याबा ऐकून म्हणाले होते, "तिथं कोण लिवतंय?" कुणीच कधी लिहिलं नव्हतं. मी लिहिलं. मराठीत, दोन पानं, खाली सही. पहिल्याच ओळीत लिहिलं की माझं या सहकारी बाईंशी सख्य नाही, तरी सोबतच्या तारखा तपासाव्यात.

समितीची तीन माणसं आली. एक म्हातारे डॉक्टर, एक वकीलबाई आणि पुण्याहून आकडे बघणाऱ्या एक मॅडम. त्यांनी कपाट उघडून सगळेच फॉर्म काढले, फक्त सुनंदाचे नव्हेत. गावांत जाऊन माणसांना भेटले. चौथ्या दिवशी आम्हाला एकेकीला आत बोलावलं.

आधी सुनंदा गेली. दाराला पडदा होता. बाहेर सगळं ऐकू येत होतं. मी बाकावर बसले होते आणि तिनं काय काय कारणं सांगावीत याची मनात यादी करत होते. ती खोटं बोलेल, मग मॅडम आकडे पुढं करतील, मग ती अडखळेल.

"थंडीतले हे फॉर्म तुम्ही घरी जाऊन भरलेत का?" वकीलबाईंनी विचारलं.

"न्हाय. म्या घरात बसून भरले."

वकीलबाईंनी लगेच पुढचं विचारलं.

"का?"

"पहिल्या आठवड्याला म्या घर बंद लिवलं होतं. मग सर म्हणाले, सुनंदा, सगळा अभ्यास तुझ्या गावांवर उभा हाय. रिकामा रकाना बघितला की मला वाटायचं, माझंच काम कमी पडलं. आधीचे कागद फाडून पुन्हा भरले, मग पुढचे. मग कुटं थांबावं ते कळंना."

"कुणी भरायला सांगितलं होतं?"

"न्हाय. कुणीच न्हाय. सरांना ठावं न्हाय." मग ती म्हणाली, "कौसल्याक्काचं मला पाडव्याला कळलं. तवापासून म्या तिला तोंड दाखवलं न्हाय. दुसरं कुणीतरी जायला पाहिजे होतं, शकुंतलाताई गेल्या, बरं झालं."

ती बाहेर आली तेव्हा तोंड धुतल्यासारखं दिसत होतं. आतून म्हातारे डॉक्टर तिला दारापर्यंत सोडायला आले होते. मला राग आला. मी तिला पकडली होती, आणि तरीही त्या खोलीतली सगळी माया तिच्याच बाजूला गेली होती. कबूल करतानाही ती माझ्यापेक्षा चांगली ठरली.

मग मला बोलावलं. पुण्याच्या मॅडमनी माझे फॉर्म पुढं ठेवले. "तुमचं काम फार स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते! मग त्यांनी पान उलटलं. "एकच विचारायचंय. तुमच्या गावांतलंही बीपी थोडं कमी झालंय. फार नाही. पण तीन गावांत आम्हाला लोक म्हणाले की शकूबाईंनी मीठ कमी करायला सांगितलं. हे खरं आहे का?"

तात्याबांनीच सांगितलं असणार, मी ओळखलं.

ती गोष्ट अशी. सुनंदाच्या पिशवीतला चीक बघितला त्या आठवड्यापासून मीही माझ्या गावांत हळूच सांगायला लागले होते. पापड-लोणचं कमी करा. गोळी रोज घ्या. दोघा-तिघांना तर मी स्वतः सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणून दिल्या. लोकांचं भलं व्हावं म्हणून सांगितलं असं म्हणता येईल, आणि थोडं होतंही. पण खरं कारण वेगळं. मलाही कुणीतरी नावानं हाक मारावी असं वाटत होतं. नुसती मोजणारी म्हणून घ्यायचा कंटाळा आला होता. मोजमाप मी एकही खोटं लिहिलं नाही, पण जे मोजायचं होतं तेच मी हलवून ठेवलं होतं.

"खरं आहे का?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

मी म्हटलं, "नाही. लोक आम्हा दोघींत गल्लत करतात."

घरी आले. स्वयंपाक केला, सासूबाईंना वाढलं, भांडी घासली. सुनंदाचं ते "म्या घरात बसून भरले" कानातून जाईना. सकाळी समितीची माणसं निघायच्या आत मी विश्रामगृहावर गेले. जीप सुरू होती. मी खिडकीशी उभी राहून सांगितलं, "मॅडम, मी काल खोटं बोलले. लिहून देते." त्यांनी जीप बंद करायला लावली. बॉनेटवर कागद ठेवून मी लिहून दिलं. कुणीही मला सोडायला फाटकापर्यंत आलं नाही.

समितीचा अहवाल आला. सुनंदाचं काम गेलं. मला लेखी समज मिळाली आणि तपासणीचं काम काढून घेतलं. दुसरा टप्पा थांबला, त्यामुळं नव्यानं नेमलेल्या मुलीही घरी बसल्या. त्यातल्या एकीच्या आईनं मला बाजारात अडवलं आणि भाजीवाल्यांसमोर म्हणाली, "तुझ्या जळण्यापायी माझ्या पोरीचं काम गेलं." मी पिशवी सावरून उभी राहिले.  तिची पोर निर्दोष होती.

इंगळे सरांनी मासिकाला पत्र स्वतः लिहिलं, हे त्यांच्या बाजूनं लिहायलाच हवं. तोपर्यंत ते महिनोन्महिने माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. मासिकानं उलट प्रश्न पाठवले, सरांनी उत्तरं दिली, पुन्हा प्रश्न. लोकांना वाटतं चूक कळली की पुसून टाकतात. छापलेला पेपर पुसत नाहीत. तो तिथंच राहतो, पण प्रत्येक पानावर आडवा शिक्का मारतात: मागे घेतला. आणि का मागे घेतला ते एका लहानशा निवेदनात सांगतात. या सगळ्याला वर्षाहून जास्त लागलं. तेवढ्या काळात कुठं कुठं कुणी तो पेपर वाचून काय काय ठरवलं असेल, कोण जाणे.

एके दिवशी सरांनी मला संगणकासमोर बोलावून ते निवेदन मराठीत वाचून दाखवलं. काही गावांतल्या नोंदी प्रत्यक्ष भेटीशिवाय भरल्या गेल्या, आणि तुलनेच्या गावांत आराखड्याबाहेरचा सल्ला दिला गेला, त्यामुळं निष्कर्षांवर विश्वास ठेवता येत नाही. नावं नव्हती. एकाच वाक्यात आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो होतो. मला वाटलं, मोठ्या मासिकात एकदाचा माझाही उल्लेख आला, तोही तिच्या नंतर.

सर म्हणाले, "ताई, तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हाच मी कागद बघायला हवे होते."

"व्हय, सर," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

अभ्यासात भाग घेतलेल्या लोकांना निकाल बदलल्याचं कळवायचं होतं. ते काम कुणालाच नको होतं, म्हणून मी घेतलं. माझ्या नोकरीतलं ते शेवटचं काम. नंतर प्रकल्पच संपला, त्याला मी निवृत्ती म्हणते. गावोगाव फिरून सांगितलं की पूर्वी जे छापलं होतं ते बरोबर नव्हतं, चूक आमची होती, पण तुमची गोळी तुम्ही चालू ठेवा. ही शेवटची गोष्ट मात्र मी सगळ्यांना सांगितली, आणि या वेळी परवानगी होती. तात्याबा म्हणाले, "मंजे तुमी मोजलेलं सगळं वाया गेलं?" मी म्हटलं, "व्हय, बाबा." त्यांनी तंबाखू मळली. "आन् मी बसून दिलं ते?"  मी त्यांच्या पाया पडले.

कौसल्याबाईंकडं मी सगळ्यात शेवटी गेले. दुपार होती. हरिबा रानात गेले होते. बाजेजवळ सुनंदा बसलेली होती. पदर खोचलेला, कौसल्याबाईंचा डावा हात दोन्ही हातांत धरून कोपरातून वाकवत होती, सरळ करत होती.

"येती व्हय गं ही?" मी कौसल्याबाईंना विचारलं, सुनंदाकडं न बघता.

"चौकशी झाली तवापासून रोजच येती की. पंधरा दिवस हे बोलले न्हाईत तिच्याशी. तरी यायची. दारात बसायची." कौसल्याबाई हसल्या. "आता हेच च्या ठिवतात तिच्यासाठी."

म्हणजे इथंही. बाईच्या तोंडावर तीच ती माया, जी मी एवढी गावं फिरून मिळवली नव्हती. ज्या बाईचं सुनंदानं सगळ्यात जास्त नुकसान केलं होतं तिनंच तिला माफ केलं होतं, आणि ज्या बाईसाठी मी पत्र लिहिलं तिला माझं नावही धड आठवत नव्हतं. मी आणलेलं बोलणं बोलून टाकलं. दोघींनी ऐकून घेतलं. निघायला उठले, तेवढ्यात सुनंदा ओरडली, "अक्का, थांबा! पुन्हा करा. पुन्हा."

सुनंदाच्या हातांतल्या त्या हाताची दोन बोटं हलली. अगदी जराशी. कौसल्याबाई स्वतःच्याच हाताकडं परक्यासारख्या बघत होत्या. पुन्हा हलली.

सुनंदानं उशीखालून एक शाळेची वही काढली. तिच्यात रोजच्या तारखा होत्या, व्यायाम लिहिलेले होते. खूप दिवसांपुढं नुसतं "काही फरक नाही" असं होतं. तिनं पेन उघडलं, मग वही माझ्यापुढं धरली.

"ताई, तुमी लिवा. तालुक्याच्या डाक्टरला दाखवायचीय. माझं लिवलेलं आता कोण खरं मानंल?"

"तुझ्याच हातात होता की तिचा हात."

"म्हणूनच म्हणते. तुमी बघितलंय न्हवं?"

"बघितलं."

मी वही मांडीवर घेतली. तारीख घातली, वेळ घातली. लिहिलं: डाव्या हाताची दोन बोटं हलली, दोनदा. मी स्वतः पाहिलं. मग पुढं व्यायाम कुणाकडून करून घेतला ते लिहायचं होतं. पेन तिथं थांबलं. एवढी वर्षं मोजलेलं लिहिण्यात मी कधी अडखळले नव्हते. दोघी माझ्याकडं बघत होत्या.

मी सुनंदाचं पूर्ण नाव लिहिलं, आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली.